वावराला तीन दिवसांची रजा

या पानावर एरवी मी बोंडअळी, बीजप्रक्रिया, खताची मात्रा अशा विषयांवर लिहीत असतो. आजचा विषय जरा वेगळा आहे. शेतकऱ्याच्या घरातली सहा माणसं तीन दिवस वावर सोडून डोंगरात गेली, त्याची ही हकिकत. सरपंच आणि ग्रामसेवक मंडळींनीही ती वाचावी, कारण त्यांच्याकडे माझं एक मागणं आहे.

पंचायत समितीत कृषी विस्तार अधिकारी म्हणून मी आजवर शेतकऱ्यांचे बरेच अभ्यास दौरे नेले. राळेगणसिद्धी झालं, हिवरेबाजार झालं, जालन्याकडचं कडवंची झालं. दर वेळी गाडीत पन्नास माणसं आणि पन्नासही पुरुष. एकदा हिवरेबाजारहून आल्यावर मी घरी तिथल्या बांधबंदिस्तीचं कौतुक सांगत बसलो होतो. बायको भाकरी थापता थापता म्हणाली, "साऱ्या तालुक्याले फिरवून आणता तुम्ही. घरच्याले कधी नेसान?" मी गप्प बसलो. उत्तर असतं तर दिलं असतं.

आमची शेती आर्वी तालुक्यात, साडेपाच एकर. नोकरी माझी असली तरी वावर बाबांच्याच हातात आहे. बाबा तेव्हा ६८ वर्षांचे, आई ६४ ची. आईनं आयुष्यात पाहिलेली ठिकाणं मोजली तर माहेर, आर्वीचा बाजार, माझ्या बहिणीचं सासर, सेवाग्रामचा दवाखाना आणि एकदा पंढरपूर. बाबा पंढरपूरलाही गेले नाहीत. त्या वर्षी दुबार पेरणी करावी लागली होती.

ठरवलं की जायचं, सगळ्यांनी जायचं, आणि चिखलदऱ्याला जायचं. महाबळेश्वर आपल्याला लांब पडतं. विदर्भाचं थंड हवेचं ठिकाण म्हणजे चिखलदराच. अमरावती जिल्ह्यात, सातपुड्याच्या गाविलगड रांगेत, समुद्रसपाटीपासून सुमारे ११०० मीटर उंचीवर. आर्वीहून सकाळी निघालेला माणूस दुपार कलेपर्यंत तिथे पोचतो.

खरा प्रश्न कधी जायचं हा होता, आणि इथे मात्र माझी पदविका कामी आली. उन्हाळ्यात मशागत, बियाणं, लग्नसराई. जून-जुलैत पेरणी, डवरणी, निंदण. ऑक्टोबरात सोयाबीन, मग कापूस वेचणी, मग गहू-हरभरा. कॅलेंडर पुढे घेऊन बसलो तेव्हा पोळा ते सोयाबीनची सोंगणी या मधले वीस-पंचवीस दिवसच जरा मोकळे दिसले. शेंगा भरायला लागलेल्या असतात, पऱ्हाटीला पात्या-बोंडं धरलेली असतात, बैलांनाही विसावा असतो. २०२४ चा पोळा २ सप्टेंबरला आला. तान्हा पोळा ३ ला, गणपती ७ ला. म्हणजे ४, ५ आणि ६ तारीख, बुधवार ते शुक्रवार. शनिवार-रविवारी चिखलदऱ्यावर गाड्यांची रांग लागते आणि खोल्यांचे भाव चढतात, ते टळलं. पोरांची शाळा तीन दिवस बुडाली, ती बुडू दिली.

बाबांचा नकार ठरलेलाच होता.

"वावराले पाहीन कोण? ढोराले चारा कोण टाकीन?"

चुलतभाऊ टाकेल म्हटलं.

"फवारणी?"

पोळ्याच्या आदल्या दिवशी मीच करून घेतली होती.

"आन् पाऊस आला तं?"

पाऊस आला तर तुम्ही थोपवणार आहात का, असं माझ्या अकरा वर्षांच्या मुलीनं विचारलं. बाबा हसले आणि पिशवीत धोतर भरायला लागले.

एसटीनं गेलो. यातला हिशेब सांगण्यासारखा आहे. मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे, म्हणजे आई आणि बायको अर्ध्यात. बाबा ज्येष्ठ नागरिक, तेही अर्ध्यात. दोन्ही पोरं बारा वर्षांच्या आतली, अर्ध्यात. सहा माणसांत पूर्ण तिकीट एकट्या माझंच. बाबांना याची एवढी गंमत वाटली की कौंडण्यपूरपर्यंत ते शेजारच्या माणसाला तेच सांगत होते.

कौंडण्यपूरला वर्धा नदी ओलांडली की अमरावती जिल्हा लागतो. पुढे अमरावती, मग परतवाडा. परतवाड्याला लागूनच अचलपूर आहे. मूर्तिजापूरहून अचलपूरला येणारी शकुंतला गाडी आणि आपली पुलगाव-आर्वीची छोटी गाडी या एकाच कंपनीच्या रुळांवरच्या, कापसासाठी टाकलेल्या. दोन्ही आता बंद पडल्या. बाबांनी लहानपणी आर्वीच्या गाडीतून प्रवास केलेला, म्हणून अचलपूरचं नाव ऐकून त्यांना ते आठवलं. परतवाड्यातून चिखलदऱ्याला दोन वाटा आहेत, एक धामणगाव गढीवरून आणि दुसरी घटांगवरून. आमची गाडी धामणगाव गढीवरून होती. सपाटी संपली, समोर भिंतीसारखा डोंगर उभा राहिला, आणि पोटात ढवळायच्या भीतीनं बायकोनं सगळ्यांच्या हातात लिंबं दिली.

घाटात बाबा एकदम गप्प. खिडकीची काच खाली करून बाहेर पाहात होते. दर वळणावर पाणी कोसळत होतं. कुठं पांढरी रेघ, कुठं नुसती ओल. शेवटी म्हणाले, "एवढं पानी फुकट चाल्लं गा!"

शेतकऱ्याच्या तोंडून पहिलं हेच यायचं. त्यांना म्हटलं, फुकट नाही जात. या उतारावरचं पाणी चंद्रभागेसारख्या नद्यांमधून पूर्णेला जातं, पूर्णा तापीला मिळते आणि तापी अरबी समुद्राला. आपली वर्धा नदीही याच सातपुड्याची लेक, मध्य प्रदेशातल्या मुलताई भागात उगम पावणारी. तापीही त्याच मुलताईची. एक पश्चिमेला सुरतेकडे गेली. दुसरी दक्षिणेला वळली, मोर्शीजवळ ऊर्ध्व वर्धा आणि आपल्या धनोडीला निम्न वर्धा धरणात अडली. उरलेलं पाणी वैनगंगा, प्राणहिता, गोदावरी करत बंगालच्या उपसागराला जातं. आपल्या कालव्याला येणाऱ्या पाण्याचा मालक हा डोंगर आहे. बाबा म्हणाले, "मंग याचं झाड तोडलं तं आपल्याले लागते म्हना की." मृदसंधारणाच्या प्रशिक्षणात मी हे समजवायला दोन तास घेतो.

वर पोचलो तेव्हा धुई अशी होती की दहा पावलांवरचा माणूस दिसेना. आईनं पदर घट्ट लपेटून घेतला. लग्नानंतर तिनं सप्टेंबरात अंगावर चादर घेतल्याची ही पहिलीच वेळ. एका साध्या लॉजवर दोन खोल्या घेतल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी भीमकुंडाला गेलो. भीमानं कीचकाला मारून इथल्या दरीत फेकलं आणि कुंडात हात धुतले, म्हणून कीचकदरा आणि त्याचं झालं चिखलदरा, अशी कथा सांगतात. पावसाळ्यात तिथला धबधबा पाहावा. देवी पॉइंट, हरिकेन पॉइंट, शक्कर तलाव हेही पाहिलं. त्यांची वर्णनं कुठेही मिळतील म्हणून थांबत नाही. पंचबोल पॉइंटवर मात्र मजा झाली. समोर डोंगरांच्या रांगा आणि मधे खोल दरी. एक हाक दिली की उलट हाका येतात. पोरं एकमेकांची नावं ओरडत होती. बाबांना म्हटलं, तुम्हीही द्या. त्यांनी दोन्ही हात तोंडाशी नेले आणि संध्याकाळी बांधावरून बैलांना देतात तशी लांब हाक दिली. दरीतून ती पुन्हा पुन्हा येत राहिली. बाजूला नागपूरकडची कॉलेजची पोरं फोटो काढत होती, तीही थांबून पाहायला लागली. आई तोंडाला पदर लावून हसत होती. मग तिनंही हाक दिली, आमच्या गाईच्या नावाची.

गाविलगड किल्ल्यावर बाबांचे गुडघे साथ देतील का याची मला काळजी होती. सावकाश गेलो. किल्ल्याचं नाव गवळ्यांवरून पडलं असं मानतात. मूळ वस्ती गवळ्यांची, आजचा किल्ला बहामनी अहमदशाहच्या काळातला, १४२५ च्या सुमाराचा. आपल्या आर्वी, आष्टी, कारंजा भागातली गवळाऊ जात नंदा गवळ्यांनी जपली, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. हेटीकुंडीचं शासकीय प्रक्षेत्र त्याच जातीसाठी आहे. पांढरी, हलकी, पळायला चपळ जनावरं. मराठ्यांच्या काळात डोंगरातून सामान ओढायला हीच जोपासली असं म्हणतात. दगडी दरवाजातून आत जाताना बाबा पायऱ्यांकडे पाहात होते. म्हणाले, "गवळाऊच चढन इथं. जर्सीचं काम नाई."

हा किल्ला १५ डिसेंबर १८०३ रोजी इंग्रजांनी घेतला. सेनापती होता वेलस्ली. दोनच दिवसांनी, १७ डिसेंबरला, देवगावचा तह झाला आणि नागपूरकर रघूजी भोसल्यांना वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख सोडावा लागला. आपली नदी तेव्हापासून सरहद्द झाली. अलीकडे भोसले, पलीकडे वऱ्हाड. आदल्या दिवशी अर्ध्या तिकिटाच्या गप्पा मारत आम्ही जी नदी ओलांडली तिची ही कथा मुलीनं तिथेच वहीत उतरवून घेतली.

आता जे सांगायचं आहे ते त्याच रात्रीचं आहे. लिहावं की नाही यावर बरेच दिवस विचार केला. बाबांना विचारलं, ते म्हणाले, "नाव नको टाकू, बाकी लिह्य."

जेवण करून पोरं झोपली होती. लाईट गेलेली. बाबा आणि मी लॉजच्या ओसरीत बसलो होतो, समोर नुसती धुई. घरी आम्ही दोघं असे कधी बसलोच नाही. मी संध्याकाळी येतो तेव्हा ते गोठ्यात असतात, ते जेवायला बसतात तेव्हा माझा फोन चालू असतो. बराच वेळ कोणी बोललं नाही. मग बाबा म्हणाले, "तुया आईची पोत घरी नाई."

मला आधी समजलं नाही. २०२३ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात आपल्या भागात सोयाबीन पिवळं पडलं होतं, आठवत असेल. पिवळा मोझॅक आणि खोडकूज. आमच्या तीन एकरांतही शेंगा भरल्या नाहीत. त्या वर्षी कृषी केंद्राची उधारी राहिली होती. ती फेडायला बाबांनी आईची सोन्याची पोत एका खाजगी माणसाकडे गहाण ठेवली, शेकडा तीन रुपये महिन्यानं. म्हणजे वर्षाला छत्तीस टक्के. बँकेचं पीककर्जही त्यामुळे मार्चअखेर नवं-जुनं झालं नाही आणि थकीत पडलं. ८५ हजारांचा हा बोजा वर्षभर दोन म्हाताऱ्या माणसांनी माझ्यापासून लपवला होता. आई लग्नाकार्यात नकली मणी घालून जात होती. "तू साहेब मानूस, गावोगाव कर्जाचं समजावून सांगतं. तुया बापाचंच थकलं म्हनून कोन आयकन तुयं?" असं बाबा म्हणाले.

बंधूंनो, मी शेतकऱ्यांच्या मेळाव्यात व्याज सवलतीचा तक्ता फळ्यावर लिहून देतो. तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज वेळेत भरलं तर डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत ते शून्य टक्क्यावर पडतं. परवाना नसताना सावकारी करणं हा २०१४ च्या कायद्यानं गुन्हा आहे आणि तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे करता येते. हे सगळं मला पाठ आहे. माझ्याच घरात छत्तीस टक्के चालू होते आणि मला पत्ता नव्हता.

आपला जिल्हा कोणत्या कारणानं देशभर माहीत झाला ते वेगळं सांगत नाही. २००६ चं पंतप्रधान पॅकेज ज्या सहा जिल्ह्यांसाठी आलं त्यांत वर्धा होता. नोकरीच्या निमित्तानं मी अशा काही घरांत गेलो आहे. घरच्यांचं बोलणं बहुतेक ठिकाणी एकच असतं: आम्हाला काही सांगितलंच नव्हतं. सहलीला गेल्यानं कर्ज फिटतं असा भाबडा दावा मी करणार नाही. आमचंही त्या रात्री काही फिटलं नाही. पण ते बोलणं घरी वर्षभर झालं नव्हतं, ते इथे झालं. घरी बोलायची वेळ आली की बाबांना गोठ्यात काही तरी काम निघतं. इथे गोठा नव्हता.

मी त्या रात्री रागावलो, हेही खरं. आवाज ऐकून आई बाहेर आली आणि आमच्याजवळ बसली. "झालं सांगून? मंग निजा आता," एवढंच म्हणाली.

तिसऱ्या दिवशी धुई फाटली आणि ऊन पडलं. परतीची गाडी दुपारची होती, म्हणून सकाळी कॉफीची झाडं पाहायला गेलो. चिखलदऱ्यात इंग्रजांच्या काळापासून कॉफी आहे. मोठ्या झाडांच्या सावलीत वाढणारी ही झुडपं. सप्टेंबरात फळं हिरवी असतात, हिवाळ्यात लाल होतात, एका फळात दोन बिया. बाबांनी पान चुरगळून वास घेतला, बुंध्याजवळची माती बोटांत घेऊन पाहिली. सावलीतली पानं कुजून झालेली काळी, भुसभुशीत माती. "शेणखत न टाकता असं वावर? आपल्या इकडं कडुनिंबाचा पाला बी जाळून टाकतेत लोक," म्हणाले. मोथा भागातले शेतकरी अलीकडे स्ट्रॉबेरी घेतात. आमझरी गाव मधासाठी पुढे आलं आहे. आम्ही एक बाटली मध घेतला. स्ट्रॉबेरीचा हंगाम हिवाळ्याचा, त्यामुळे पोरं नाराज झाली. त्यांची समजूत गवळ्यांच्या म्हशीच्या दुधाच्या रबडीनं काढली.

रस्त्याच्या कडेला एक कोरकू बाई भुट्टे भाजत होती. आई तिच्याजवळ जाऊन बसली. कोरकूंची बोली मराठीपासून अगदी वेगळी, मुंडारी-संथाळीच्या घरातली. पण ती बाई मोडकी हिंदी-मराठी बोलत होती आणि आईची वऱ्हाडी तिला समजत होती. निंदणाचा रोज किती, कुटकी कशी पेरता, घरी किती माणसं, असं चाललं होतं. मग कळलं की सोयाबीनच्या सोंगणीला ती दरवर्षी घरच्यांसोबत खाली सपाटीवर येते. आपल्या गावांच्या समाजमंदिराजवळ ऑक्टोबरात पाल टाकून राहणारी जी माणसं दिसतात, त्यांतली कित्येक या मेळघाटातली असतात. आपण गार हवा खायला वर जातो, ती पोटासाठी खाली येतात. १९९३ पासून मेळघाटच्या बालमृत्यूंच्या बातम्या आपण वाचत आलो. त्या बातमीतलं कोणी तरी आपल्याच वावरात विळा घेऊन उभं होतं हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. आईनं भुट्ट्याचे पैसे दिले आणि पिशवीतल्या पोळ्याच्या करंज्या तिच्या पोरीच्या ओंजळीत ठेवल्या. गाव आणि फोन नंबर मुलीच्या वहीत लिहून घेतला. ऑक्टोबरात सोंगणीला तीच माणसं आमच्याकडे आली. मुक्कामाला पाल न टाकता आमच्या बंड्यात राहिली.

एक तक्रार आहे, ती कोणा एकाची नाही. धबधब्याच्या तोंडाशी दारूच्या बाटल्या, वेफरची पाकिटं, थर्माकोलच्या ताटल्या. खाली पूर्णेकाठचा शेतकरी हेच पाणी वापरतो. आपल्या भागातून जाणाऱ्यांनी तरी घरून डबा न्यावा आणि रिकाम्या पिशव्या परत आणाव्यात. वाघ पाहायचा असेल तर ऑक्टोबरनंतर जा. पावसाळ्यात व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्यातली सफारी बंद असते.

आता मागणं. सरपंच साहेब, ग्रामसेवक भाऊ, आत्माच्या योजनेतून किंवा गावाच्या पैशातून पुढचा अभ्यास दौरा निघेल तेव्हा यादीत नुसती पुरुषांची नावं घालू नका. नवरा-बायको दोघांची घाला. कपाशी निंदते ती, वेचते ती, बियाणं निवडून ठेवते ती, आणि गहाण पडते तीही तिचीच पोत. शेततळं पाहायला मात्र आपण एकटे जातो. कोणी म्हणेल बायकांची सोय कशी करायची. आमच्या सहा माणसांची सोय दोन खोल्यांत झाली, सारा खर्च नऊ हजारांच्या आत. दौऱ्याची तारीख पोळ्यानंतरची धरा, वावरातल्या कामाला अडचण येत नाही.

घरी आल्यावर आम्ही चौघं वही घेऊन बसलो. पगारदार पतसंस्थेतून मी कर्ज काढलं, त्या माणसाचे पैसे दिले आणि पोत सोडवून आणली. पोत हातात पडेपर्यंत तीन चकरा झाल्या. त्या वर्षी सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि बाजारात त्याच्या खालीच विकावं लागलं, त्यामुळे पतसंस्थेचे हप्ते अजून चालू आहेत. बँकेची थकबाकी बाबांनी कापूस विकून मार्चच्या आत भरली आणि खातं नवं-जुनं करून आणलं. पावती त्यांनी माझ्याकडे न देता सुनेकडे दिली. घरचा हिशेब आता तिच्याकडे आहे आणि उधारी करायची असेल तर तिला विचारावं लागतं. मलाही.

चिखलदऱ्याहून बाबांनी माझ्या मनाविरुद्ध कॉफीचं एक रोप आणलं होतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, ते टिकणार नाही असं मी सांगितलं होतं. त्यांनी ते कडुनिंबाच्या सावलीत कुंडीत लावलं, खाली पाला अंथरला, रोज संध्याकाळी पाणी दिलं. हिवाळाभर छान होतं, दोन नवी पानंही फुटली. मेच्या दुसऱ्या आठवड्यात करपलं. बाबांनी त्याच कुंडीत मिरची लावली. निंबाखाली पाला मात्र ते अजून अंथरतात, जाळू देत नाहीत.